झाडीपट्टीत कलाकेंद्र : इमारतीआधी वेळापत्रक

एखाद्या दानशूर कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ काही करावयाचे ठरविले, की आपल्या समाजात बहुधा दोनच प्रस्ताव पुढे येतात : मंगल कार्यालय, नाही तर धर्मशाळेच्या खोल्या. दोन्हींची गरज आहे. पण चंद्रपूर, वरोरा, मूल, ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोली येथील व्यापारी घरांत डोकावले, तर तिसरी एक गरज दिसते. बारावी होताच मुले नागपूर-पुण्याची वाट धरतात. दुकानाचा हिशेब संगणकावर गेला आणि चाळीस वर्षे गादीवर बसलेले बाबूजी घरी बसले. सकाळचे दर्शन व सामायिक आटोपले की सबंध दिवस त्यांच्यापुढे मोकळा पडतो. शाळकरी मुले आणि हे ज्येष्ठ यांना एका छताखाली आणणारे कलाकेंद्र या दोन जिल्ह्यांत का असू नये?

कल्पना नवी नाही. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी उभ्या केलेल्या आनंदवनात ‘उत्तरायण’ हे ज्येष्ठांचे निवासस्थान आहे, अंध व मूकबधिर मुलांच्या शाळा आहेत, हातमाग व हस्तकला आहेत आणि दिव्यांग कलावंतांचा ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंदही आहे. जर्मन सरकारने २००६ पासून अनेक पिढ्यांनी एकत्र येण्याची सार्वजनिक घरे देशभर चालविली. तेथे आजी-आजोबा केवळ सेवा घेत नाहीत, देतातही. या एका मुद्द्यावर आपल्या केंद्राचे यशापयश ठरेल असे मला वाटते. ज्येष्ठांना ‘विरंगुळा’ देण्यासाठी केंद्र काढले तर वर्षभरात तेथे कॅरमबोर्ड आणि वर्तमानपत्रे उरतील. त्यांना शिक्षक म्हणून बोलावले, तर ते येतील.

आणि शिकविण्याजोगे पुष्कळ आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली मिळून झाडीपट्टी होते. दंडार व खडी गंमत येथल्या मातीतल्या. दिवाळीनंतर मंडई सुरू झाली की गावोगाव रात्रभर नाटके चालतात. या रंगभूमीची पेठ म्हणजे देसाईगंज, म्हणजेच आपले वडसा. तेथे नाट्यमंडळांची कार्यालये आहेत, तेथेच प्रयोगांचे सौदे ठरतात. या रंगभूमीवर आयुष्य घालविलेले गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पण त्यांच्या पिढीतील कितीतरी नटांच्या, ढोलकीवाल्यांच्या भूमिका आणि चाली केवळ त्यांच्या स्मरणात आहेत. त्या कोणी लिहून वा ध्वनिमुद्रित करून घेतल्या नाहीत, तर माणसाबरोबरच जातील. दहावी-अकरावीचा विद्यार्थी मोबाइलवर हे काम करू शकतो; त्याला बसवून सांगणारा मात्र हवा.

आपल्या घरांतही असेच धन आहे. अक्षतांची गहुली सुबक काढणाऱ्या काकूबाई, जुन्या चालीची स्तवने तोंडपाठ असलेल्या आजी, आणि पणजोबांच्या वहीतील मुडिया लिपी अजून वाचू शकणारे एखादे दादाजी. ही लिपी जाणणारे शहरात दोन-चारच उरले असतील. वहीपूजनाला आपण ज्या वह्यांना कुंकू लावतो, त्यांतील जुनी पाने घरातल्या कोणालाच वाचता येत नाहीत, ही गोष्ट खटकायला हवी.

आता वेळापत्रकाकडे वळतो, कारण नियोजनाची खरी मेख तेथे आहे. झाडीपट्टीचे कलावंत दिवाळी ते होळी प्रयोगांत गुंतलेले असतात. बरेचसे शेतकरी असल्याने आषाढ-श्रावणात धानाची रोवणी असते. म्हणजे रोवणी संपल्यापासून दिवाळीपूर्वीच्या तालमींपर्यंतचा काळ त्यांना थोडा मोकळा मिळतो. त्यातच पर्युषण येते आणि चातुर्मासामुळे आपले ज्येष्ठ एरवीही घराबाहेर पडत असतात. शाळाही सुरू असतात. केंद्राचे मुख्य सत्र याच दोन-अडीच महिन्यांत ठेवावे. दुसरे, छोटे सत्र उन्हाळी सुटीत. पण चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा ते सकाळी साडेनऊच्या आतच संपले पाहिजे. रोजचा तास किती असावा? सामायिकाची ४८ मिनिटे आपल्या ज्येष्ठांच्या अंगवळणी पडलेली आहेत, तेवढेच पुरे. आणि सूर्यास्तापूर्वी जेवणारी मंडळी घरी पोहोचतील अशी संध्याकाळची वेळ धरावी. मुलांच्या शिकवण्या आड येतील. त्यासाठी शाळांशीच बोलावे : २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने स्थानिक कलावंत व कारागिरांना शाळेत मार्गदर्शक म्हणून घेण्यास प्रोत्साहन दिले आहे.

एक प्रश्न विश्वस्त मंडळाच्या पहिल्याच बैठकीत निघेल, तो टाळू नये. ढोलकी, तबला, आदिवासी बांधवांचा मांदर : सगळ्यांना चामडे असते. अहिंसेचे व्रत मानणाऱ्या संस्थेच्या वास्तूत ही वाद्ये चालतील का? काही जण म्हणतील, आपल्या पूजा-भावनेतही ढोलक वाजतेच. काही ते मान्य करणार नाहीत. मला मध्यममार्ग दिसतो तो असा : केंद्र मंदिर वा स्थानकाच्या आवारात नसावे, त्याचा न्यास व नियमावली वेगळी असावी, केंद्र स्वतः जी वाद्ये विकत घेईल ती कृत्रिम पुडीची घ्यावीत, आणि कलावंत स्वतःचे वाद्य घेऊन आला तर त्याला दारात अडवू नये. ज्यांच्या गावांत आपली दुकाने चालतात त्या गोंड, कुणबी, तेली घरांतील मुले येथे येणार असतील, तर त्यांच्या आजोबांचे वाद्य बाहेर ठेवायला सांगणे शोभणार नाही. भोजन शाकाहारी, व्यसनाला बंदी, याला मात्र कोणाचा विरोध होणार नाही.

अंतराचा विचारही हवा. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा १४,००० चौरस किलोमीटरांहून मोठा आहे. सिरोंच्याचा विद्यार्थी चंद्रपूरला कलेच्या तासाला येणार नाही. म्हणून एक भव्य वास्तू बांधण्यापेक्षा चंद्रपूर, वडसा आणि गडचिरोली येथे तीन लहान जागा बऱ्या : तळमजला, उंबरठा नसलेले दार, खुर्ची व सतरंजी दोन्हींची सोय, स्वच्छतागृहात धरायला दांडी. बांबूकामाला बाहेर पत्र्याची ओसरी पुरते. शिकविणारे बुरूड कारागीर जवळच आहेत आणि चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रही आहे.

पैशाची बाजू आपल्या वाचकांना मी काय सांगावी! तरी दोन गोष्टी नोंदवतो. न्यासाची नोंदणी करताना आयकर कायद्याखालील न्यासाची नोंदणी व देणग्यांवरील करसवलतीची मान्यता यांचे काम सुरुवातीलाच उरकावे. दुसरे, २०१३ च्या कंपनी कायद्यातील सामाजिक दायित्वाच्या यादीत ज्येष्ठांची दिवसभराची केंद्रे आणि पारंपरिक कला-हस्तकला ही दोन्ही कामे आहेत. कोळसा, सिमेंट, कागद व लोखंड यांचे मोठे उद्योग या दोन जिल्ह्यांत आहेत. त्यांच्याकडे जाताना आपल्या हाती एका सत्राची हजेरीवही आणि ध्वनिमुद्रणे असली, तर बोलणे सोपे जाते.

म्हणून पहिल्या वर्षी वीटही रचू नये. राइस मिलचे एखादे गोदाम पावसाळ्यात मोकळे असेलच. रोवणी आटोपताच ते झाडून घ्यावे, दोन पंखे, चार दिवे व पिण्याचे पाणी यांची सोय करावी, आणि पहिल्या दिवशी एक ढोलकीवाला, एक गहुली काढणाऱ्या काकूबाई व एक मुडिया जाणणारे दादाजी यांना मानधनासह बोलवावे. विद्यार्थी वीस पुरेत.