मोठ्या कुत्र्याचा पिंजरा: माप अंगाचे, हिशेब वजनाचा

मंचरहून घोडेगाव, डिंभे मार्गे भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर तळेघर लागते. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेचा हा आदिवासी पट्टा. भातशेती, हिरडा आणि चार महिन्यांचा धो धो पाऊस ही त्याची ओळख. कापडाच्या निमित्ताने आमचे या बाजूला जाणे-येणे असते. अलीकडे इथे एक विचारणा वारंवार कानावर येते आणि ती कापडाची नाही. ग्रेट डेन किंवा मॅस्टिफसारखा धिप्पाड कुत्रा मावेल, असा ऐसपैस पिंजरा परवडेल अशा भावात कुठे मिळतो, असे लोक विचारतात. गिऱ्हाईक आहे, बाजारात लोखंड आहे, गावोगाव वेल्डर आहेत. तरी माल मिळत नाही. व्यापाराच्या पानावर या विषयाला जागा द्यावी असे आम्हांस वाटले, त्याचे कारण हेच.

शहरातला माणूस म्हणेल, कुत्र्याला पिंजरा हवाच कशाला? या भागात त्याचे उत्तर एका शब्दात मिळते: बिबट्या.

जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे ही धरणे झाली, कालव्यांना पाणी आले, पाण्यामागे ऊस आला आणि उसात बिबट्याने बिऱ्हाड केले. तळेघरच्या वर भीमाशंकरचे जंगल. १९८५ साली ते अभयारण्य जाहीर झाले. तिथे बिबट्या पूर्वीपासूनच आहे. पकडलेले बिबटे ठेवण्यासाठी जुन्नरजवळ माणिकडोहला निवारा केंद्र चालवावे लागते, यावरूनच प्रश्नाचा आकार कळावा.

आता बिबट्याच्या ताटात काय असते ते पाहा. जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी केली. वजनाच्या हिशेबाने त्यांच्या खाण्यात ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला आणि त्यात एकट्या कुत्र्याचा ३९ टक्के. शेळीचा क्रमांक त्याच्या बराच खाली. म्हणजे राखणीसाठी ठेवलेला कुत्राच पहिले सावज ठरतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात बिबट्याने माणसे मारली, तेव्हा खिळ्यांचे जे पट्टे कुत्र्याच्या गळ्यात असायचे, तसले पट्टे गावकऱ्यांनी स्वतःच्या गळ्यात घातले.

साखळी म्हणजे रखवाली नव्हे

कुत्रा मोठा असला की बिबट्या जवळ फिरकत नाही, असा एक समज आहे. पूर्ण वाढलेला ग्रेट डेन साठ-सत्तर किलो भरतो, बिबट्याचा नरही साधारण तेवढाच. पण तराजूत बरोबरी झाली म्हणून झुंजीत बरोबरी होत नाही. बिबट्या अंधारात, मागून येतो आणि थेट मान धरतो. त्यात कुत्रा साखळीला बांधलेला असेल तर त्याला पळताही येत नाही आणि वळताही येत नाही. रात्री त्याला बंद जागेत ठेवणे हाच खरा उपाय. आतून भुंकला तरी घर जागे होते, राखण होते, आणि सकाळी कुत्रा जिवंत असतो.

कायद्याचेही सांगणे हेच आहे. प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आपल्याकडे लागू आहे. त्याच्या कलम ११ प्रमाणे, प्राण्याला हालचाल करता येणार नाही इतक्या तोकड्या पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. फार आखूड किंवा फार जड साखळीने गैरवाजवी काळ बांधून ठेवणे हाही गुन्हाच. तेव्हा पिंजरा करायचा तर ऐसपैसच करायचा.

तयार माल का चालत नाही

शहरातील दुकानांत तारेचे घडीचे पिंजरे मिळतात. त्यातला मोठ्यात मोठा बहुधा ४८ इंच लांबीचा असतो. अवाढव्य जातींसाठी परदेशी कारखाने ५४ इंच लांब, ३७ इंच रुंद व ४५ इंच उंच असा पिंजरा काढतात. पण बाहेरून मागवल्यावर माल, भाडे व कर मिळून जी रक्कम होते, ती ऐकून शेतकरी गप्प बसतो.

बरे, पैसे मोजून आणला तरी काम भागत नाही. घडीचा पिंजरा कुत्र्याने घरात इकडेतिकडे करू नये म्हणून बनवलेला असतो. त्याची तार बारीक, कड्या नाजूक. कुत्र्याला आत ठेवणे हे एक काम आणि बिबट्याला बाहेर ठेवणे हे दुसरे. पुण्यातल्या फ्लॅटसाठी घडीचा पिंजरा ठीक आहे. तळेघरच्या अंगणात तो कामाचा नाही. इथे गावच्या वेल्डरकडून करून घेतलेला पिंजराच उपयोगी, आणि तो स्वस्तही पडतो. फक्त माप व हिशेब नीट हवा.

आधी माप

कापडाच्या धंद्यात आम्ही एक गोष्ट शिकलो. गिऱ्हाइकाच्या अंगाचे माप घेतल्याशिवाय कात्री चालवू नये. कुत्र्याचेही तसेच. विमानाने जनावरे पाठवताना जगभर जी पद्धत वापरतात, ती सोपी असून आपल्यालाही उपयोगाची आहे. कुत्रा सरळ उभा करून टेपने चार मापे घ्यावीत: नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत उंची, खांद्यांची रुंदी, आणि जमिनीपासून डोके किंवा कान, जे उंच असेल तिथपर्यंतची उंची.

पिंजऱ्याची लांबी म्हणजे कुत्र्याची लांबी अधिक कोपराच्या उंचीचा निम्मा भाग. रुंदी म्हणजे खांद्यांच्या दुप्पट. उंची म्हणजे डोक्यापर्यंतचे माप अधिक अंथरुणाची जाडी.

समजा कुत्रा ४२ इंच लांब, कोपर १८ इंचांवर, खांदे १२ इंच आणि डोक्यापर्यंत उंची ४२ इंच आहे. लांबी आली ५१ इंच, रुंदी २४ इंच, आणि तीन इंचांची गादी धरून उंची ४५ इंच. हे प्रवासापुरते कमीत कमी माप झाले. रोज रात्र काढायची तर कुत्र्याला कुशीवर पाय पसरून झोपता आले पाहिजे. म्हणून लांबी ५४ आणि रुंदी ३६ इंच करावी. सरळ बोलायचे तर साडेचार फूट लांब, तीन फूट रुंद, पावणेचार फूट उंच. परदेशी मालाचे माप याच्या आसपासच आहे.

पिल्लू असेल तर वाढत्या अंगाचा सदरा शिवतात तसा विचार करावा. या जाती दीड-दोन वर्षे वाढत राहतात. पिंजरा पुऱ्या मापाचा करावा आणि आत सरकती जाळी बसवून पिल्लापुरती जागा ठेवावी. दोनदा खर्च होत नाही.

मग लोखंडाचे वजन

गोल गजाचे वजन काढण्याची रीत कारागिरांना पाठ असते: मिलिमीटरमधील जाडीचा वर्ग भागिले १६२, म्हणजे एका मीटरचे किलो. आठ मिलिमीटरचा गज मीटरला ०.३९५ किलो भरतो, दहाचा ०.६१७ किलो.

वरील मापाच्या पिंजऱ्याला चारी बाजूंनी दर दोन इंचांवर उभा गज लावला तर ९० गज लागतात, म्हणजे सुमारे १०३ मीटर. आठ मिलिमीटरने ते ४१ किलो होते, दहाने ६४ किलो. छताला आणखी २५ मीटर गज. चौकटीला २५ मिलिमीटरचा, तीन मिलिमीटर जाडीचा अँगल सुमारे १४ मीटर, म्हणजे १५ किलो. आडव्या पट्ट्या धरल्या की आठच्या गजाचा पिंजरा पाऊणशे किलोच्या घरात जातो आणि दहाचा शंभराच्या वर. दार, बिजागऱ्या वेगळ्या. त्या दिवसाचा किलोचा भाव, मजुरी आणि रंग मिळवला की किंमत समोर येते. अंदाजपंचे बोलायची गरज राहत नाही.

खर्च कमी करण्याचा सर्वांत चांगला मार्ग आम्ही याच भागात पाहिला. घराच्या ओट्यावर जिथे दगडी किंवा विटांच्या दोन भिंती काटकोनात मिळतात, तो कोपरा निवडायचा. दोन बाजू भिंतींच्या, खाली फरशी; लोखंड लागते फक्त समोर, एका बाजूला व छताला. चौकट भिंतीला अँकर बोल्टने पक्की करायची. आठच्या गजाचे काम पन्नास किलोच्या आत बसते. वाऱ्या-पावसाचा मारा निम्मा होतो आणि कुत्रा घराजवळ राहतो. छत मात्र गाळू नये. बिबट्या चढतो, उडी मारतो. वरून उघडा पिंजरा असला नसला सारखाच.

काटकसर कुठे करू नये

पहिली गोष्ट, फट. जिथे माणसाची मूठ आत जाते, तिथे बिबट्याचा पंजा जातो. बंद पिंजऱ्यातला कुत्राही मोठ्या फटीतून ओढला जाऊ शकतो. दोन गजांमधली मोकळी जागा दोन इंचांच्या आतच हवी, आणि खालच्या दोन फुटांना बाहेरून पत्रा लावला तर उत्तम. बिबट्या पकडण्याच्या सरकारी पिंजऱ्यातही शेळीचा कप्पा वेगळा असतो आणि मधले अंतर असे राखलेले असते की पंजा पोचू नये. नमुना तोच घ्यावा.

दुसरी, आडव्या पट्ट्या. साधारण दर फुटावर आडवी पट्टी नसेल तर उंच गज जोर लावल्यावर फाकतात.

तिसरी, दार. वर एक आणि खाली एक अशा दोन कड्या, आणि प्रत्येकीला आडवी खीळ. नुसती सरकती कडी पंजाच्या धक्क्याने सरकते.

चौथी, गंज. तळेघरच्या पावसात कच्चा रंग एक हंगामही टिकत नाही, आणि कुत्र्याच्या मुतामुळे खालचा भाग आधी खातो. वेल्डिंगची पपडी घासून रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर तेलरंग द्यावा. पायाला विटेची उंची द्यावी. कुत्रा गज चाटतो, म्हणून भंगारातला जुना रंग वापरू नये; घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांच्या आत ठेवण्याचा नियम २०१७ पासून लागू आहे, तो पाळणारा डबा घ्यावा. जस्ताचा पाइप वापरायचा तर जोडाच्या जागेचे जस्त आधी घासून काढावे. त्याचा धूर वेल्डरच्या छातीला बाधतो.

पाचवी, ऊन. छतावर पत्रा टाकायचा तर गजांपासून वीतभर वर टाकावा, मधून वारा खेळला पाहिजे. चैत्र-वैशाखात पत्र्याची बंद पेटी म्हणजे भट्टीच.

घरात ठेवायचा पिंजरा असेल तर लाकूडही चालते. चाकणच्या कारखान्यांतून यंत्रांच्या पेट्यांचे पाइनचे लाकूड भंगारात निघते. त्यावरचा शिक्का पाहावा: 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन किडीपासून मुक्त केलेले, ते घ्यावे, 'एमबी' म्हणजे विषारी वायूची धुरी दिलेले, ते सोडावे. पुण्यात मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात पाडलेल्या घरांच्या खिडक्यांचे गजही मिळतात. गज ठोकून, गंज पाहून घेतले तर पैसे वाचतात. मात्र जुन्या जाळ्यांची फट मोठी असते, ती मधे गज टाकून भरावी लागते.

कारागिरांसाठी दोन शब्द

आपले वेल्डर, सुतार आणि भंगाराचे व्यापारी बांधव घोडेगाव, मंचर, नारायणगाव, जुन्नर या बाजारगावांतून आहेत. कुत्र्याचे काम म्हणून कोणी नाक मुरडू नये. शेताच्या आणि गुराढोरांच्या राखणीसाठी कुत्रा ठेवण्याची मुभा आपल्याकडे सर्वमान्य आहे, आणि तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची हदीस मदरशातल्या मुलालाही ठाऊक असते. मुक्या जिवाची जागा मजबूत करून देणे हा तर हलालीचा रोजगार.

धंद्याची रीत मात्र चोख हवी. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन माप घ्यावे. गजाची जाडी, दोन गजांतले अंतर आणि एकूण वजन कागदावर लिहून द्यावे. माल तयार झाल्यावर काट्यावर चढवून दाखवावा. दहाचा गज सांगून आठचा लावला तर रंगाखाली तो कोणाला दिसत नाही, पण वजन खोटे बोलत नाही. कापडात पन्हा दोन इंच कमी निघाला तर गिऱ्हाईक भांडते आणि विषय संपतो. पिंजऱ्यात दोन इंच जास्त फट निघाली तर पहाटे अंगणात रक्त दिसते, आणि त्या कारागिराकडे त्या गावातून पुन्हा कोणी येत नाही.

गिऱ्हाइकांनीही सर्वांत कमी भाव सांगणाऱ्याकडे डोळे झाकून जाऊ नये. दोन ठिकाणी एकाच मापाचा, एकाच जाडीचा भाव विचारावा आणि मग तुलना करावी. एक पिंजरा चांगला उतरला की त्या वस्तीत चार विचारणा येतात. पावसाळ्यात वेल्डिंगची कामे थंडावतात. पाऊस लागण्याआधीच या मापाचे दोन-तीन नग तयार ठेवणाऱ्याला रिकामे बसावे लागणार नाही. माल आपल्या हाताखाली आहे आणि गरज दाराशी उभी आहे. बाकी काम टेपचे व तराजूचे.