सासऱ्यांची व्हेस्पा माझ्या हाती

सासऱ्यांच्या माघारी त्यांची जुनी बजाज व्हेस्पा भंगारात द्यायचं घाटत होतं. मी म्हटलं, ‘मी चालवीन!’ व्हेस्पा मूळची इटलीची, १९४६ सालची. बजाजने परवाना घेऊन ती आपल्याकडे बनवली. १९७१ मध्ये परवाना संपला, मग ‘चेतक’ आली. पाय ठेवायला मोकळी जागा, इंजिन झाकलेलं, त्यामुळे साडीवरही चालवता येते. पण बुलडाण्यात तिचे जाणते मेकॅनिक आता मोजकेच. म्हणून मीच शिकले. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, प्लगची काजळी पुसायची, क्लचची जादा केबल जवळ ठेवायची. आता मलकापूरहून परतताना राजूर घाटाची धास्ती नाही. मैत्रिणींनो, गाडी चालवायला शिकाच. पण बंद पडलेली सुरू करता आली, की कुणाची वाट बघावी लागत नाही!