छेद कोठें, पिशवी कोठें?

कांहीं विषय माजघरांत कुजबुजले जातात व दिवाणखान्यांत मुळींच निघत नाहींत. स्तनवर्धनाची शस्त्रक्रिया हा त्यांपैकींच एक. मध्यंतरीं आमच्या परिचयाच्या एक पदवीधर भगिनी आम्हांकडे आल्या. शस्त्रक्रियेचा दिवस ठरला होता, पैसेही भरले होते. परंतु छेद कोठें घेणार व पिशवी कोठें बसविणार, हें त्यांनीं विचारलेंच नव्हतें! शस्त्रक्रिया करावी कीं न करावी, हा जिचा तिचा प्रश्न. परंतु स्वतःच्या देहावर काय घडणार, हें आधीं समजून घेणें अगत्याचें आहे. म्हणूनच हा लेखप्रपंच.

सिलिकोनच्या पिशवीचें पहिलें रोपण १९६२ सालीं अमेरिकेंत, ह्यूस्टन येथें डॉ. क्रोनिन व डॉ. जेरो यांनीं केलें. ती स्त्री मुळांत छातीवरील गोंदण काढून घेण्यासाठीं आली होती! आज पिशव्या मुख्यतः दोन प्रकारच्या असतात: सिलिकोनच्या दाट रसाच्या व मिठाच्या निर्जंतुक पाण्याच्या.

छेदाच्या जागा चार. पहिली स्तनाखालच्या घडीची. येथून शस्त्रवैद्यास आंतील भाग सरळ दिसतो, व पुढें पुन्हां शस्त्रक्रिया लागल्यास तोच व्रण उपयोगी पडतो. म्हणून हीच जागा अधिक पसंत केली जाते. दुसरी स्तनाग्राभोंवतालच्या काळसर वर्तुळाच्या कडेची. रंगाच्या सीमेवर व्रण लपतो खरा. परंतु वाट दुग्धनलिकांजवळून जाते. त्यामुळें तेथील जंतु पिशवीस लागण्याचें, तसेंच संवेदना व स्तन्यपान यांस बाध येण्याचें भय असतें. तिसरी कांखेची. स्तनावर व्रण राहत नाहीं. मात्र वाट लांबची, आणि पुढील दुरुस्तीस बहुधा दुसरा छेद घ्यावा लागतो. चौथी बेंबीजवळची. तेथून रिकामी पिशवी गुंडाळून वर नेतात व मग पाण्यानें भरतात. अर्थात् सिलिकोनची पिशवी येथून घालतां येत नाहीं. ही रीत विरळाच.

आतां पिशवीची जागा. ग्रंथीच्या खालीं, पण छातीच्या स्नायूच्या वर ठेवल्यास वेदना कमी व विश्रांति थोडी पुरते. परंतु कृश स्त्रीच्या अंगावर पिशवीच्या कडा व सुरकुत्या दिसूं शकतात. स्नायूखालीं ठेवल्यास वरचा भाग नीट झांकला जातो व कर्करोगाच्या तपासणीचें क्ष-किरण चित्रही तुलनेनें सुलभ होतें. मात्र दुखणें अधिक, आणि दंडावर जोर दिला असतां स्तन हलल्यासारखा दिसतो. तिसरा मार्ग मधला: पिशवीचा वरचा भाग स्नायूखालीं व खालचा ग्रंथीखालीं. २००१ सालीं डॉ. टेबेट्स यांनीं त्याचें सविस्तर वर्णन केलें.

कोणताही मार्ग घेतला तरी शरीर त्या परक्या वस्तूभोंवतीं स्वतःचें एक आवरण विणतें. कधीं तें आवळतें, स्तन कठीण होतो व दुखूं लागतो. स्नायूच्या वर ठेवलेल्या पिशवीस हें भय अधिक. शिवाय पिशवी जन्मभर टिकेल असें कोणीही समजूं नये. ती फुटूं शकते, बदलावी लागूं शकते. खरबरीत पृष्ठभागाच्या कांहीं पिशव्या एका विरळ कर्करोगाशीं संबंध आढळल्यामुळें २०१९ सालीं बाजारांतून परत घेण्यांत आल्या. २०२१ पासून अमेरिकेंत तर रुग्णापुढें धोक्यांची लेखी यादी ठेवून तिची सही घेण्याचा दंडक आहे.

आमच्या त्या भगिनींनीं दिवस पुढें ढकलला व चार प्रश्न कागदावर लिहून नेले: छेद कोठें? पिशवी कोठें, व कोणत्या पृष्ठभागाची? पुढें अपत्य झाल्यास काय? दहा वर्षांनीं पुन्हां खर्च आला तर? त्यांचा निर्णय कांहींही होवो, तो आतां त्यांचा स्वतःचा असेल. ज्या घरांत असे प्रश्न सासू, आई वा पति यांच्यासमोर निःसंकोच विचारतां येतात, त्या घरच्या लेकीसुनांना असले निर्णय एकटीनें व अंधारांत घ्यावे लागत नाहींत.