पाटी गेलेला डिस्ट्रिब्यूटर

डिझेलने जीप जगवली आणि तिचा डिस्ट्रिब्यूटर भंगारात घातला. पेट्रोलचं इंजिन उतरवायचं, डिझेलचं चढवायचं आणि उरलेला माल वजनावर विकायचा, हा धंदा आमच्या गोंदियाकडच्या गॅरेजांत बरीच वर्षं जोरात चालला. डिझेलला ठिणगी लागत नाही. मग कॉइल, कार्बोरेटर, डिस्ट्रिब्यूटर सगळं पोत्यात. देवरी, आमगाव, सडक अर्जुनी या पट्ट्यातली अशी पोती उपसायचा नाद मला कॉलेजपासून आहे. घरच्यांनी आता बोलणं सोडलंय.

जीप आपल्याकडे कशी आली, हे वाचकांना ठाऊक आहेच. १९४५ची महिंद्र अँड मोहम्मद, फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात अर्थमंत्री झाले, १९४८ साली कंपनीच्या नावातला ‘मोहम्मद’ गेला. माझगावात अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या जीपांची जुळणी सुरू झाली. पुढे जीप वनखात्याकडे गेली, गटविकास अधिकाऱ्याकडे गेली, तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडे गेली. मला रस आहे तो या साखळीतल्या एका विस्मृतीत गेलेल्या माणसात. डेल्मर रूस, लोक त्याला बार्नी म्हणत. युद्धकाळात के. सी. महिंद्र सरकारी कामाने वॉशिंग्टनला होते. तिथे त्यांची रूसशी गाठ पडली आणि जीप भारतात न्यायचं बीज तिथेच पडलं, असं सांगतात.

रूस १९३८ साली विलीजमध्ये आला, तेव्हा कंपनीकडे जुनाट, जेमतेम ४८ अश्वशक्तीचं इंजिन होतं. नवं बनवायला पैसा नाही. त्याने आहे तेच इंजिन तासून-घासून ६० अश्वशक्तीवर नेलं. हेच ‘गो-डेव्हिल’. जीपचा आराखडा मुळात बँटम कंपनीसाठी कार्ल प्रोब्स्टने काढलेला. विलीजने मात्र जाहिरातींत जीप आम्हीच घडवली असा डांगोरा पिटला, आणि १९४३ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने कंपनीवर तक्रार दाखल केली. निकाल १९४८ साली विलीजच्या विरोधात गेला. माझं मत विचाराल तर सांगाडा प्रोब्स्टचा, पण जीव रूसचा. त्या इंजिनाशिवाय जीप म्हणजे चार चाकांची खाट. पुढे त्याच गो-डेव्हिलच्या ठोकळ्यावर, इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ठोकळ्यात ठेवून ‘हरिकेन’ बनलं. उंची वाढली, म्हणून १९५३च्या सीजे-३बीचं बॉनेट उंच झालं. आपल्याकडे ‘जीप’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतं ते हेच बॉनेट.

डिस्ट्रिब्यूटर मात्र रूसचा नव्हे. तो टोलेडोच्या ऑटो-लाइट कंपनीचा. विलीजही टोलेडोचीच. या ऑटो-लाइटच्या दारात १९३४ साली कामगारांचा संप पेटला, नॅशनल गार्डने गोळ्या झाडल्या, दोन माणसं गेली. अमेरिकेच्या कामगार चळवळीत तो संप अजून सांगितला जातो. सालेकसाच्या एका परसात कोंबड्यांच्या खुराड्यावर वजन म्हणून ठेवलेला ऑटो-लाइट मी पाहिलाय, तेव्हा हेच डोक्यात आलं होतं.

आता मुद्द्याचं. ऑटो-लाइटची ओळख पाटीत असते. बॉडीला रिव्हेट मारून बसवलेली छोटी पाटी, त्यावर अक्षरं आणि आकडा. आयजीसी-४७०५ दिसलं तर युद्धातली एमबी जीप, आयएडी-४००८ दिसलं तर सीजे-२ए. पण पोत्यातल्या मालावर पाटी सापडली तर नशीब. कुणी वायर ब्रशने घासली, कुणी रंगाखाली गाडली, बहुतेकांच्या रिव्हेटची नुसती भोकं राहिलीत. त्यामानाने लुकास शहाणा. मद्रासला पाडी इथे १९६१पासून उभी राहिलेली लुकास-टीव्हीएस असो की मूळची विलायती कंपनी, आकडा थेट बॉडीवर ठोकलेला. २५डी४ यातला शेवटचा चार म्हणजे सिलिंडर चार. त्याखाली कितव्या आठवड्यात, कोणत्या साली बनला तेही. व्हॅक्यूमच्या डबीवर तीन आकडे: किती इंच पाऱ्यावर हालचाल सुरू, किती इंचांवर संपते, आणि जास्तीत जास्त किती अंश. एवढी कुंडली कोरलेली असताना मिस्त्री नुसतं ‘लुकास आहे’ म्हणतो तेव्हा मला राग येतो.

पाटी नसेल तर अंगालाच विचारायचं. कॅमला कोपरे किती? चार असतील तर जीप, सहा निघाले तर बहुधा जोंगा. जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत बनलेली ही निसानच्या घराण्यातली लष्करी गाडी, इंजिन चार लिटरला जरा कमी. लिलावात निघालेल्या जोंगा बालाघाटच्या वाटेने आमच्याकडे उतरतात. मग व्हॅक्यूमची डबी आहे का? एमबीच्या डिस्ट्रिब्यूटरला ती नाहीच, त्यातला अ‍ॅडव्हान्स फक्त वजनांच्या फेकीवर चालतो. शेवटी फिरण्याची दिशा. जीपचा रोटर वरून पाहिला तर घड्याळाच्या उलट फिरतो. सुलट फिरणारा डिस्ट्रिब्यूटर कुणी ठोकून बसवला, तर गाडी सुरू होईल, पण वेग वाढेल तशी ठिणगी लवकर पडायच्या ऐवजी उशिरा पडेल. घाट आला की इंजिन तापतं आणि दोष पेट्रोलवर.

गोरेगावजवळच्या एका गॅरेजात ॲम्बॅसॅडरचं डोकं आणि जीपचं शेपूट लेथवर जोडलेला एक नग पाहिला. काम सफाईदार, वाखाणण्यासारखं. पण आतल्या स्प्रिंगा ॲम्बॅसॅडरच्या इंजिनाच्या हिशेबाने केलेल्या. जीपचं इंजिन भरल्या ओझ्याखाली ठोकणार नाही तर काय करणार!

डिस्ट्रिब्यूटर बांधताना सगळं बुशवर येतं. शाफ्ट बोटांनी हलवून पाहा. बुश झिजली असेल तर एका कोपऱ्यावर पॉइंटचा गॅप वीस थाऊ, म्हणजे अर्धा मिलिमीटर, बरोबर येतो आणि समोरच्या कोपऱ्यावर तो निम्मा झालेला असतो. नवे पॉइंट टाकून काही होत नाही. चारही कोपऱ्यांवर फिलर गेज लावा, मगच बोला. नवी ब्राँझची बुश रात्रभर इंजिन ऑइलमध्ये मुरवून मग बसवायची. कोरडी ठोकली तर सहा महिन्यांत पुन्हा तेच. कॅप उन्हात धरून आतून पाहायची. केसाएवढी काळी रेघ दिसली की ती धानाच्या दिवसांतल्या दवात करंट खाणारच.

इतकं करूनही ‘टायमिंग बसत नाही’ ही तक्रार उरतेच. तिचं मूळ मला अमेरिकी लष्कराच्या टीएम ९-८०३ या पुस्तकाने दाखवलं. २२ फेब्रुवारी १९४४ तारखेचं हे पुस्तक जीपवाल्यांची पोथी आहे. डिस्ट्रिब्यूटर इंजिनाच्या उजव्या अंगाला, ऑइल पंप डाव्या अंगाला, बाहेरून बोल्टने लावलेला. कॅमशाफ्ट पंपाला फिरवतो, आणि पंपाच्या शाफ्टच्या खाचेत डिस्ट्रिब्यूटरची जीभ बसते. जीभ मध्यावर नाही, मुद्दाम एका बाजूला सरकवलेली, म्हणून ती एकाच तऱ्हेने बसते. आता गंमत पाहा. सम्प न उतरवता पंप काढता येतो, म्हणून प्रेशर कमी दिसलं की मिस्त्री तो काढतो. परत घालताना गिअरचा एखादा दात चुकला की डिस्ट्रिब्यूटरला हातही न लावता टायमिंग गेलं. त्यात युद्धातल्या आणि लगेच नंतरच्या इंजिनांत कॅमशाफ्ट साखळीवर, पुढच्यांत गिअरवर. साखळीत तो क्रँकच्याच दिशेने फिरतो, गिअरवर उलटा. त्यामुळे एकाचा पंप दुसऱ्याला चालत नाही, आणि पोत्यात दोन्ही शेजारी शेजारी पडलेले असतात.

आमगावचे एक म्हातारे मिस्त्री यावर माझ्याशी तावातावाने भांडले. पंप पुन्हा काढून दात जुळवा, हा माझा हट्ट. ते म्हणाले, “काहून काढाचा जी? वायरी एक घर सरकवल्या, बॉडी जराशी फिरवली, झालं ना!” आणि खरं सांगायचं तर त्यांचं गणित पक्कं आहे. १-३-४-२ हा क्रम तोच राहतो, वजनांची फेक तीच, अ‍ॅडव्हान्स तोच, इंजिनाला फरक कळत नाही. फरक कळतो तो पुढच्या मिस्त्रीला. पुस्तकात दाखवलेल्या जागी तो एक नंबरची वायर शोधतो, तिथे भलतीच निघते, आणि तो चांगला बांधलेला डिस्ट्रिब्यूटर बाद ठरवून नवा आणायला सांगतो. यावर तोडगा म्हणून मी कॅपवर एक नंबरच्या घरापाशी कानशीने खूण करा म्हटलं. म्हातारेबुवांनी ते मानलं, पण खूण बॉडीवर करू, कॅप काय, दर दोन वर्षांनी बदलते, असं म्हणून छिन्नी मागवली.