विश्लेषण : अमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूलमागे जिवाणूंचे कोणते काम?

समर्थ रामदासांचे जन्मगाव असलेल्या जालना जिल्ह्यातील जांब समर्थ येथे राममंदिराबाहेर काढून ठेवलेला चपलांचा कोणताही जोड पाहा. माप एकच, तरी डावी चप्पल उजव्या पायात बसत नाही. औषधांच्या जगातही हाच फरक निर्णायक ठरतो. कानाच्या किंवा छातीच्या जिवाणूसंसर्गावर डॉक्टर देतात त्या अमॉक्सिसिलिनचा एक घटक असाच ‘एकाच पायाचा’ लागतो. तो मिळवून देतात जिवाणूंची विकरे, म्हणजेच एन्झाइम.

प्रकाशीय शुद्धता म्हणजे काय?

बहुतेक अमिनो आम्लांची एल आणि डी अशी दोन रूपे असतात. दोन्हींत अणू तेच, पण रचना आरशातल्या प्रतिबिंबासारखी उलट. ध्रुवीकृत प्रकाश एक रूप डावीकडे वळवते, तर दुसरे तेवढाच उजवीकडे. नमुन्यात एकच रूप असेल तर तो प्रकाशीयदृष्ट्या शुद्ध. आपल्या शरीरातील प्रथिने एल रूपाची. अमॉक्सिसिलिनला मात्र पॅरा-हायड्रॉक्सीफेनिलग्लायसिन या अमिनो आम्लाचे डी रूप लागते.

विकरे नेमके काय करतात?

कारखान्यात फिनॉल, ग्लायऑक्झिलिक आम्ल आणि युरियापासून आधी एक हायडँटॉइन संयुग तयार होते. त्यात दोन्ही रूपे निम्मी-निम्मी असतात. हायडँटॉइनेज हे जिवाणूंचे विकर त्यातील डी रूपाचेच वलय उघडते. मग कार्बामॉयलेज हे दुसरे विकर नको असलेला तुकडा कापून अमिनो आम्ल मोकळे करते.

उरलेला निम्मा माल वाया जातो का?

नाही. अल्कधर्मी द्रावणात उरलेले एल रूप आपोआप डी रूपात बदलत राहते आणि विकर तेही उचलते. त्यामुळे तत्त्वतः सगळाच कच्चा माल कामी येतो. दोन रूपे नुसती वेगळी केली असती, तर हाती निम्माच माल लागला असता.

महाराष्ट्राशी आणि रुग्णांशी संबंध काय?

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पेनिसिलिन असायलेज या जिवाणू-विकरावर संशोधन झाले. पेनिसिलिनपासून अमॉक्सिसिलिनचा दुसरा भाग, ६-एपीए, याच विकराने मिळतो. अशा कच्च्या मालासाठीचे परावलंबन कमी करण्यासाठी केंद्राने २०२० मध्ये ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आणली. पेनिसिलिन जी त्यात आहे.

एवढ्या खटाटोपातून बनलेले हे औषध विषाणूंमुळे होणाऱ्या सर्दी-पडशावर चालत नाही. त्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते घेऊ नये.