मोटारींत मूल कोठें बसवावें?

अंबाजोगाईच्या रुग्णालयांतून बाळंतीण बीडकडे निघते, तेव्हां तान्हें मूल मोटारींत कोठें असावें हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. तें आजीच्या मांडीवर असतें, आणि आजीच्या मांडीइतकी निर्धोक जागा दुसरी नाहीं अशी सर्वांची श्रद्धा असते. घरांत ती श्रद्धा यथार्थ आहे. केजहून मांजरसुंब्याकडे धांवणाऱ्या गाडींत मात्र ती टिकत नाहीं, व याचें कारण आजीच्या मायेंत नसून गतीच्या नियमांत आहे.

ताशीं ५० किलोमीटर वेगाची गाडी उसाच्या उभ्या ट्रॉलीवर आदळून सेकंदाच्या दहाव्या हिश्शांत थांबली असें समजावें. १० किलो वजनाच्या मुलाला त्या क्षणीं जागच्या जागीं धरून ठेवण्यास सुमारें १४० किलोंचा भार पेलण्याइतकें बळ लागतें. तें पहिलवानाच्याही हातांत नसतें. आईनें आपला पट्टा मुलासकट बांधून घेणें तर त्याहून वाईट. कारण मग तिच्या देहाचा सारा भार मधल्या कोवळ्या जिवावर येतो.

मागच्या बैठकीवर पट्ट्याची गरज नाहीं, असाही एक समज आहे. ३ जून २०१४ रोजीं बीडचे खासदार व केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे दिल्लींत मोटार-अपघातांत गेले, तेव्हां ते मागच्या बैठकीवर होते. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत उद्योगपति सायरस मिस्त्री गेले, तेही मागेंच बसले होते व त्यांनीं पट्टा बांधलेला नव्हता. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ सालच्या दुरुस्तीनें, १४ वर्षांखालील मूल पट्ट्यानें किंवा बाल-आसनानें बांधलेलें नसल्यास १,००० रुपये दंड ठेविला आहे. त्याच रस्त्यानें ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांचीं मुलें ट्रॉलींत रचलेल्या संसारावर बसून जातात. त्यांच्यापर्यंत हा कायदा कसा पोंचावा, हा प्रश्न निराळा आणि अधिक कठीण आहे.

बाजारांत ‘कन्व्हर्टिबल’ या नांवानें मिळणारी कार-सीट म्हणजे दोन तऱ्हांनीं बसवितां येणारें एकच आसन. प्रथम मुलाचें तोंड गाडीच्या मागच्या बाजूस, आणि मूल वाढल्यावर पुढच्या बाजूस. तोंड उलटें कशासाठीं, हें नीट समजून घेण्यासारखें आहे. तान्ह्या मुलाचें डोकें त्याच्या उंचीच्या जवळजवळ चौथ्या हिश्शाएवढें असतें, आणि मानेचे मणके अद्याप पुरते हाडाचे झालेले नसतात. समोरून धक्का बसला म्हणजे पुढें तोंड केलेल्या मुलाचें धड पट्टा धरून ठेवतो, परंतु डोकें पुढें झेपावतें व सारा ताण मानेवर पडतो. उलट्या बसलेल्या मुलाची पाठ, मान व डोकें हीं एकदमच आसनाच्या पाठीवर रेलतात आणि धक्का सर्व अंगावर वांटला जातो. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या आर-१२९ या मानकानें १५ महिन्यांपूर्वीं तोंड पुढें करूं दिलेलें नाहीं. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांची संस्था तर आसनाची वजन-उंचीची मर्यादा भरेपर्यंत मूल उलटेंच ठेवावें असें सांगते. पाय दुमडतात अशी आयांची तक्रार असते. पण ज्या घरांत मांडी घालून जेवायला बसतात, तेथल्या मुलाला दुमडलेल्या पायांचें दुःख कसलें?

किंमत पाहण्यापेक्षां सीट आपल्या गाडींत बसते कीं नाहीं हें पाहावें. लहान गाडींत उलटी सीट पुढच्या बैठकीस अडते. विकत घेण्यापूर्वीं ठेवून पाहिलेली बरी. पाळणा एका घरून दुसऱ्या घरीं जावा ही रीत चांगली, पण ती कार-सीटला लावूं नये. अपघातांत सांपडलेल्या सीटला वरून न दिसणारी चीर असूं शकते.

खरी गफलत होते ती बसवितांना. सीट मागच्या बैठकीवरच असावी. पुढें, चालू एअरबॅगसमोर उलटी सीट ठेवणें मुलाच्या जिवावर बेतणारें आहे. ती गाडीच्या पट्ट्यानें बांधावी अथवा आयसोफिक्सच्या कड्यांत अडकवावी. पट्ट्याचा मार्ग उलट्या व सुलट्या बसणीस वेगळा असतो, तो पुस्तिकेंत पाहावा. सीटवर जोर देऊन पट्टा ओढावा, आणि पट्टा जेथून जातो तेथें धरून हलवावें. एका इंचाहून अधिक हालली तर पुन्हां बांधावी. तान्ह्यासाठीं ती पुरेशी कललेली हवी, नाहींतर हनुवटी छातीवर पडून श्वास कोंडतो. खांद्याचे पट्टे उलट्या बसणींत खांद्याच्या पातळीवर वा किंचित् खालून, सुलट्या बसणींत पातळीवर वा किंचित् वरून निघावेत. सुलट्या सीटचा माथ्याकडील पट्टाही गाडीच्या कड्यास अडकवावा. खांद्यावरचा पट्टा चिमटींत धरतां आला तर तो सैल आहे. कुंची किंवा जाड दुपटें पट्ट्याखालीं असलें, तर पट्टा घट्ट भासतो पण असत नाहीं. आधीं पट्टा, मग वरून दुपटें. वैशाखांत उन्हांत उभ्या गाडींतील बकल तापून चटका देतें, त्यावर फडकें टाकून ठेवावें. आणि मुलास गाडींत एकटें ठेवून दोन मिनिटेंही दूर जाऊं नये.

वाटेंत मूल रडूं लागलें म्हणजे आजीचा हात पट्ट्याकडे जातो. अशा वेळीं गाडी चालू असतां पट्टा सोडूं नये. मांजरसुंब्यास थांबावें, बाळाला मांडीवर घ्यावें, आईनें पाजावें, आणि पुन्हां सीटमध्यें बांधूनच बीडकडे घाट उतरावा.