दम एक, कारणं दोन

उशाशी : लेखांक ९

मागच्या आठवड्यात आपण श्वास मोजण्याची रीत पाहिली: रुग्णाला कळू न देता आणि पूर्ण एक मिनिट. आता समजा, मिनिटाला २८ श्वास घेणारा माणूस समोरच्या खाटेवर बसला आहे. बिघाड फुप्फुसात आहे की हृदयात? निदान डॉक्टर करतील, पण त्याला लागणारी बरीचशी माहिती सिस्टरनंच गोळा केलेली असते.

भिवंडीत हा प्रश्न रोजचा आहे. यंत्रमागाच्या या शहरात उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले कामगार बारा-बारा तासांच्या पाळ्या करतात. हवेत सुताची धूळ आणि खिशात बिडी, शिवाय काहींना पूर्वी होऊन गेलेला क्षय. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या बिसिनोसिसची खूण ठरलेली आहे. आठवड्याच्या सुट्टीनंतर पहिल्याच पाळीला छाती आवळते, पुढच्या दिवसांत सैल पडते. दुर्लक्ष झालं तर तीच तक्रार रोजची होते. कापूस पिंजण्याच्या खात्यात हा आजार जास्त आणि मागावर कमी असतो, पण असतो. १९४८च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत, त्याचं नाव होतं. म्हणून केसपेपरवर नुसतं ‘मजूर’ लिहून भागत नाही. माग चालवतो, कांडी भरतो की सायझिंगमध्ये आहे, आणि किती वर्षं, हे विचारून लिहावं.

आता हृदयाकडे वळू. पाठ्यपुस्तक सांगतं, ‘रात्री किती उशा लागतात?’ असं विचारा. आडवं झालं की पायांतलं रक्त छातीकडे परततं. हृदयाची डावी बाजू थकलेली असेल तर ते पुढे ढकललं जात नाही, फुप्फुसांत पाणी साचतं, म्हणून रुग्ण उशांवर उशा रचतो. पण भिवंडीच्या खोलीत दिवसपाळीवाले उठले की त्याच चटईवर रातपाळीवाले झोपतात. तिथं उशी एक असली तरी पुष्कळ. त्या प्रश्नाचं उत्तर ‘एक भी नहीं’ येतं आणि लक्षण निसटतं. त्याऐवजी विचारा, ‘सोने के बाद उठके बैठना पडता है क्या? कितनी देर बाद?’ झोप लागल्यावर तास-दोन तासांनी गुदमरून उठणं हृदयाकडे बोट दाखवतं. वर्षानुवर्षांचा खोकला, बेडका, श्वास सोडताना लागणारा वेळ आणि शिट्टी यांचा रोख फुप्फुसाकडे असतो. पायांवरच्या एकट्या सुजेवर मात्र विसंबू नये. फुप्फुसाचा जुना आजार हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आणतो आणि तेव्हाही पाय सुजतात.

दोघांनाही बसवायचंच, पण बसवण्यात फरक आहे. फुप्फुसाच्या रुग्णासमोर टेबल ओढून त्यावर उशी ठेवावी, कोपरं टेकवून पुढे वाकू द्यावं आणि चंबू केलेल्या ओठांतून हळू श्वास सोडायला शिकवावं. हृदयाच्या रुग्णाला पाठीशी आधार द्यावा. रक्तदाब ठीक असेल तर पाय खाटेखाली सोडू द्यावेत, म्हणजे छातीकडे परतणारं रक्त थोडं कमी होतं.

यानंतर ऑक्सिजन. २०२०च्या जूनमध्ये करोनाच्या काळात भिवंडीतल्या शांतीनगरच्या मक्का मशिदीत मोफत ऑक्सिजन केंद्र सुरू झालं होतं, रुग्णांच्या घरीही सिलिंडर पोचवले जात होते. त्या वर्षानं सामान्य माणसाला ऑक्सिमीटर वाचायला शिकवलं. त्यामुळे आकडा ९० दिसला की नातेवाईक म्हणतात, ‘सिस्टर, ऑक्सिजन बढाओ.’ इथं ठाम राहावं लागतं, कारण ऑक्सिजन हे औषध आहे आणि औषधाला मात्रा असते. जुन्या दमेकरी फुप्फुसात कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असेल, तर लक्ष्य ८८ ते ९२ टक्के. त्याहून वर नेलं की हा वायू आणखी साठू शकतो. डोकं दुखतं, हात फडफडतात, रुग्ण पेंगायला लागतो आणि घरच्यांना वाटतं, बरं झालं, झोप लागली. २०१०मध्ये टास्मानियातल्या एका अभ्यासात रुग्णवाहिकेतच अशा रुग्णांना मोजून ऑक्सिजन दिला, तेव्हा भरमसाट दिलेल्यांच्या तुलनेत मृत्यू कमी झाले. हृदयविकाराच्या झटक्यातही तेच. २०१७च्या स्वीडनमधल्या अभ्यासात ज्यांची पातळी ९० किंवा वर होती, त्यांना ऑक्सिजन देऊन जीव जास्त वाचले नाहीत. पातळी खरोखर घसरली असेल तर मात्र क्षणही दवडू नये. आणि आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी बोट पाहावं. गार पडलेलं किंवा नखावर रंग बसलेलं बोट खोटं सांगतं.

घरी पाठवताना शिकवण्याच्या गोष्टी मोजक्याच आहेत, पण त्या रुग्णाच्या दिनक्रमात बसल्या पाहिजेत. ‘मीठ कमी खा’ हे भिसीत, म्हणजे कामगारांच्या खाणावळीत, जेवणाऱ्याला सांगून उपयोग नाही, तिथली डाळ सगळ्यांसाठी एकाच पातेल्यात शिजते. लोणचं, पापड आणि वरून घेतलेलं मीठ बंद करा, असं सांगितलं तर जमतं. लघवीची गोळी ‘सकाळी’ म्हणून लिहिलेली असते. रातपाळीवाल्याची सकाळ म्हणजे झोपेची वेळ, त्याची झोपमोड होते आणि तो गोळी सोडून देतो. गोळीची वेळ उठण्याशी जुळवता येईल का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावं. वजन रोज एकाच वेळी, लघवी करून आणि खाण्याआधी करायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर थेट दवाखाना गाठायचा. काटा नसेल तर चपलेचा पट्टा घट्ट होतो का, हे पाहायला सांगावं. आणि रोटाहेलरची कॅप्सूल समोर ओढून दाखवायला लावावी. ती पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण प्रत्येक वॉर्डात भेटतात.

पाळी बदलताना ‘दम आहे, ऑक्सिजन चालू आहे’ एवढंच सांगू नये. किती लिटरवर किती टक्के, श्वास चार तासांपूर्वी किती आणि आता किती, लघवी किती झाली, जागा आहे की पेंगतोय, आणि पूर्ण वाक्य बोलतो की दोन शब्दांत थांबतो, हे सगळं सांगावं. एका नोंदीवरून अवस्था कळते. रुग्ण कुठे चालला आहे, ते कळायला मात्र दोन नोंदी शेजारी शेजारी लागतात.

(पुढील आठवड्यात : छातीत दुखणाऱ्या रुग्णाची पहिली दहा मिनिटं)